आफ्रिकन व्यक्तिचित्रं बघायला कुठून सुरुवात करू?

‘टुटु’पासून करा. नायजेरियाच्या बेन एन्वोन्वूचं, 1973-74च्या सुमाराचं चित्र.

मुखवटे आणि भडक कपडे सोडून आफ्रिकन ओळख चित्रात दिसते कुठे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. इथे ती मानेत दिसते. नायजेरियातल्या इफे शहराच्या राजघराण्यातली आदेतुतु आदेमिलुयी वळून बघतेय, डोक्याला वस्त्र बांधलेलं, मागे काळोख. कुणाला काही दाखवायला ती बसलेली नाही. मी हौसेखातर चारकोलची पोर्ट्रेट्स करतो. ती मान उतरवायला गेलो आणि चार कागद फुकट घालवले. माझ्या हातून ती ताठते, एन्वोन्वूकडे सहज उभी आहे.

एन्वोन्वू 1917चा, ओनित्शाचा. वडील मूर्तिकार, त्यांची हत्यारं याच्याकडे आली. शाळेतले इंग्रज कलाशिक्षक केनेथ मरे मुलांना युरोपीय चित्रं गिरवायला न लावता तिथल्याच कलेकडे बघायला सांगत. 1944मध्ये शिष्यवृत्तीवर तो इंग्लंडला गेला, लंडनच्या स्लेड या कलाशाळेत शिकला. पुढे राणी एलिझाबेथचा ब्राँझचा पुतळा केला, तर टीका झाली की ओठ जाड केलेत, राणीला आफ्रिकन करून टाकलंय! (मला तर ही दादच वाटते.)

पण ‘टुटु’चं खरं वजन तारखेत आहे. 1967 ते 1970 बियाफ्राचं युद्ध झालं. नायजेरियाच्या पूर्वेचा, इग्बो समाज बहुसंख्य असलेला भाग बियाफ्रा नावाने वेगळा होऊ पाहत होता, माणसं उपासमारीने मेली. एन्वोन्वू इग्बो, आदेतुतु दुसऱ्या बाजूच्या योरुबा समाजाची. युद्ध संपून तीन-चार वर्षंच झाली होती तेव्हा त्याने तिला रंगवलं, आणि लोकांनी त्या चेहऱ्यात समेट पाहिला. रविवर्म्यांची लक्ष्मी छापील होऊन आपल्या घराघरांत गेली, तशी ‘टुटु’ची प्रिंट नायजेरियातल्या दिवाणखान्यांत लागली. मूळ चित्रं मात्र दिसेनाशी झाली. एकूण तीन आवृत्त्या केल्या होत्या, त्यातली एक 2017मध्ये लंडनच्या एका फ्लॅटमध्ये सापडली. घरच्यांना तिची किंमत ठाऊकच नव्हती. पुढच्या वर्षी बॉनहॅम्स या लिलावगृहाच्या लिलावात ती 12 लाख पौंडांना गेली.

मोबाईलवर बघणार असाल तर ब्राइटनेस पूर्ण वाढवा, नाहीतर मानेखालचा अर्धा भाग काळोखात जातो.