शंका-समाधान : काचेच्या भट्टीला तोटी का नसते?

प्रश्न (तळेगाव दाभाडे येथील वाचक) : आमच्या गावात 1908 साली पैसा फंडातून काचेचा कारखाना उभा राहिला. त्या काळी कारागीर पोकळ नळीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन फुंकत असत, असे आम्ही ऐकत आलो. आता बाटल्यांच्या कारखान्यात यंत्र मिनिटाला शंभराहून अधिक बाटल्या काढते आणि प्रत्येक बाटलीचे वजन जवळपास सारखेच भरते. एवढ्या तापलेल्या काचेला तोटी कशी बसवतात?

उत्तर : घट्ट मिटणारी आणि हवी तेवढी उघडणारी तोटी या उद्योगात कुणी बसवत नाही, कारण ती टिकणारच नाही. भट्टीतले तापमान 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या उष्णतेत नेहमीचे धातू मऊ पडतात किंवा जळतात, आणि अग्निरोधक मातीचे दोन भाग एकमेकांवर घासत ठेवले तर वाहती काच त्यांना खात जाते आणि झिजलेले कण बाटलीत खडे म्हणून उतरतात. म्हणून काचेच्या प्रवाहावरचा ताबा मुख्यतः तिच्या तापमानातून मिळवला जातो आणि यंत्राचे भाग त्यावर शेवटचा हात फिरवतात.

यामागचे कारण काचेच्या स्वभावात आहे. बर्फाला शून्य अंश हा ठरलेला वितळणबिंदू आहे, तसा काचेला नाही. तापमान उतरेल तशी ती सलगपणे घट्ट होत जाते. नेहमीची सोडा-चुन्याची काच 1450 अंशांजवळ घट्ट काकवीसारखी वाहते, 1150 अंशांवर तिची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, सुमारे पंधरापट वाढलेली असते, आणि 550 अंशांच्या आसपास ती इतकी वाढते की व्यवहारात काच स्थिरच म्हणायची. बाटलीसाठी काच तोडली जाते ती 1150 अंशांच्या मागेपुढे. त्या पट्ट्यात तापमान एका अंशाने घसरले की श्यानता साधारण सव्वा टक्क्याने वाढते आणि प्रवाह जवळपास तेवढाच कमी होतो. पाच अंश घसरले तर 200 ग्रॅमच्या बाटलीत बारा ग्रॅम काच कमी पडेल. एवढी हलकी बाटली तपासणीत टिकत नाही. म्हणून एकेका अंशासाठी एवढा आटापिटा करावा लागतो.

भट्टीतून निघालेली काच तळालगतच्या एका बुडीत मार्गातून पुढच्या कप्प्यात येते. या मार्गाला थ्रोट म्हणतात. वर तरंगणारा कच्चा माल आणि फेस मागेच राहावा, हा त्याचा हेतू. तिथून काच फोरहार्थमध्ये शिरते. फोरहार्थ म्हणजे अग्निरोधक विटांचा लांब पाट. त्यात काचेची खोली साधारण दीडशे मिलिमीटर असते. पाटाच्या पहिल्या भागात वरून हवा सोडून काच थंड केली जाते आणि दोन्ही कडांना लहान बर्नर लावून कडा गरम ठेवल्या जातात, कारण कडेची काच भिंतीला उष्णता देऊन मधल्या काचेपेक्षा लवकर थंड होते. शेवटच्या भागात डावी बाजू, मध्य, उजवी बाजू, वर, मध्ये आणि तळाशी असे नऊ ठिकाणचे तापमान प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या थर्मोकपलने, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीने, मोजून शक्य तेवढे एकसारखे केले जाते. सरासरी तापमान बरोबर असले म्हणून भागत नाही. तळाची काच दहा अंशांनी थंड असेल तर ती अडखळत येते आणि बाटलीची एक बाजू जाड, दुसरी पातळ होते.

आता शेवटचा टप्पा. पाटाच्या टोकाला स्पाउट नावाचे भांडे असते आणि त्याच्या तळाला ऑरिफिस, म्हणजे ठरावीक व्यासाचे छिद्र असलेली अग्निरोधक चकती. छिद्राच्या वर एक उभी ट्यूब काचेत बुडवून मंद गतीने फिरवत ठेवतात. ट्यूब आणि स्पाउटचा तळ यांच्यातल्या फटीतून जेवढी काच आत जाईल तेवढीच छिद्रापर्यंत पोहोचते. ट्यूब वर घेतली की वजन वाढते, खाली केली की घटते. ट्यूबच्या पोकळीत प्लंजर, म्हणजे दट्ट्या, वर-खाली होतो. तो खाली येताना काच छिद्रातून ढकलतो, वर जाताना लोंबती काच किंचित मागे खेचतो, आणि नेमक्या त्या क्षणी खालच्या दोन पात्यांच्या कात्रीने, म्हणजे शिअरने, ती तुटते. तुटलेल्या लोळ्याला गॉब म्हणतात. तो लांबट, गोलसर बुडाचा आणि झळाळता नारिंगी असतो, आणि पन्हळींवरून घसरत साच्यात पडतो. शिअरच्या पात्यांवर दर तोडीला पाणी व विरघळणारे तेल यांचा फवारा मारला जातो. पाते कोरडे राहिले तर काच चिकटते आणि तोडीची खूण बाटलीवर दिसते.

ट्यूबने वजन ठरते आणि प्लंजरने गॉबचा आकार, अशी ढोबळ वाटणी करायला हरकत नाही, मात्र प्लंजरची उंची बदलली की वजनही थोडे हलते. छिद्राचा व्यास हा मात्र मोठा हुकमी एक्का आहे. छिद्र हाच मुख्य अडथळा असेल तर व्यास दहा टक्के वाढवल्याने प्रवाह तीस ते पंचेचाळीस टक्क्यांनी वाढू शकतो. त्यामुळे बाटलीचा प्रकार बदलला की चकती बदलतात. झिजलेल्या चकतीमुळे वजन हळूहळू वर सरकते, तेही याच कारणाने.

गॉब मोजून टाकणाऱ्या या सगळ्या रचनेला फीडर म्हणतात. तो यंत्रात कसा आला, त्याचा इतिहास बोलका आहे. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी 1903 साली बाटल्यांचे स्वयंचलित यंत्र आणले, पण ते काच खालून शोषून घेत असे. वरून मोजून गॉब टाकण्याच्या फीडरवर कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे कार्ल पायलर यांनी काम केले, आणि 1922 साली हार्टफर्ड-एम्पायर कंपनी उभी राहिली. तिने व तिच्या साथीदारांनी पेटंटे अशी एकत्र बांधली, की 1938 पर्यंत अमेरिकेत फीडर व साचायंत्रांवर तयार होणाऱ्या काचपात्रांपैकी 94 टक्के त्यांच्याच परवान्याखाली बनत होती; 1945 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवली. एका लोळ्याच्या वजनावरच्या ताब्यातून उभ्या उद्योगावर ताबा मिळवता येतो, हे त्या खटल्यात दिसले.

प्रश्न (एक पालक, नाशिक) : माझा मुलगा बाटल्यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आहे. रात्रपाळीत बाटल्यांचे वजन सतत हलते. वरिष्ठ त्याला ट्यूब खाली-वर करायला सांगतात. वजन जागेवर येते आणि तासाभरात पुन्हा बिघडते. दोष कुठे असावा?

उत्तर : दुरून निदान सांगणे धाडसाचे आहे, पण वर्णनावरून ट्यूब निर्दोष वाटते. ट्यूबला हात लावणे ही सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत जास्त वापरली जाणारी खटपट आहे; माझ्या मते ती सर्वांत शेवटी करावी.

मुलाने आधी हे पाहावे की सगळ्या सेक्शनचे, म्हणजे यंत्रातल्या बाटल्या घडवणाऱ्या स्वतंत्र विभागांचे, वजन एकाच दिशेने सरकते आहे की नाही. एकाच वेळी दोन गॉब पडणारे यंत्र असेल आणि फक्त डाव्या किंवा उजव्या गॉबचे वजन बिघडत असेल, तर पाटाच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक आहे किंवा ट्यूब छिद्रांच्या बरोबर मध्यावर नाही. सगळे गॉब मिळून हळूहळू जड किंवा हलके होत असतील, तर तीन गोष्टी तपासाव्यात : तोडीचा वेग, भट्टीतल्या काचेची पातळी आणि फोरहार्थचे तापमान.

तोडीचा वेग लोक विसरतात. 200 ग्रॅमचा गॉब मिनिटाला 120 वेळा तोडला तर मिनिटाला 24 किलो, म्हणजे दिवसाला साडेचौतीस टन काच फीडरमधून जाते. प्रवाह तेवढाच ठेवून कुणी उत्पादन वाढवण्यासाठी वेग 126 केला, तर गॉब आपोआप साडेनऊ ग्रॅमने हलका होतो आणि दोष तापमानावर जातो. पातळीचेही तसेच आहे. छिद्रावरच्या काचेची उंची दीड-दोनशे मिलिमीटर असल्यामुळे एका मिलिमीटरच्या घटीने प्रवाह अर्धा-पाऊण टक्का कमी होतो. यासाठी लेसर किंवा प्लॅटिनमच्या टोकदार सळईने पातळी सतत मोजून कच्चा माल टाकणाऱ्या चार्जरचा वेग तिच्याशी बांधलेला असतो. चार्जर अडला की तासाभरात फीडरवर वजन बोलू लागते.

रात्रपाळीतच बिघाड होतो, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. फोरहार्थला थंड करणारी हवा पंखा बाहेरून घेत असेल तर ती रात्री थंड असते आणि तिची उष्णता वाहून नेण्याची क्षमता वाढते. गॅसचा दाबही दिवसापेक्षा वेगळा असू शकतो. अशा वेळी नियंत्रक तापमान धरून ठेवायचा प्रयत्न करतो, पण पाटातली काच जड आणि मंद असते, त्यामुळे मागच्या भागात केलेला बदल फीडरपर्यंत यायला वेळ लागतो. मधल्या काळात माणूस ट्यूब वर करतो, मग दुरुस्त झालेली गरम काच येऊन पोहोचते आणि वजन उलट्या बाजूला जाते. तुमच्या मुलाला दिसणारे तासाभराचे चक्र बहुधा हेच असावे. त्याने वजन, ट्यूबची उंची आणि नऊ थर्मोकपलचे आकडे एकाच कागदावर वेळेप्रमाणे लिहून ठेवले तर दोन-तीन रात्रींत कारण उघडे पडेल, आणि वरिष्ठांशी वादही घालावा लागणार नाही.

बाटली तपकिरी किंवा हिरवी असेल तर आणखी एक पेच. रंगीत काच उष्णतेचे किरण खोलवर जाऊ देत नाही. वरचा थर तापलेला दिसतो आणि तळ थंडच राहतो. वरून पाहणारा पायरोमीटर, म्हणजे न स्पर्शता तापमान मोजणारे उपकरण, अशा वेळी पृष्ठभागाचेच तापमान सांगतो. त्यावर विसंबू नये.

प्रश्न (पनवेल) : तळोज्याला खिडक्यांची फ्लोट काच बनते. ती काच मोठ्या पत्र्यासारखी असते. तिथे गॉब कसा चालेल?

उत्तर : तिथे काच तोडतच नाहीत, ती अखंड वाहते. अ‍ॅलस्टेअर पिल्किंग्टन यांच्या या पद्धतीची घोषणा 1959 साली झाली. भट्टीतून आलेली काच एका पाटातून साधारण 1100 अंशांवर वितळलेल्या कथिलाच्या कुंडावर पसरते आणि 600 अंशांच्या आसपास पट्टीच्या रूपात उचलली जाते. पाटावर ट्वील नावाचा अग्निरोधक दरवाजा उभा टांगलेला असतो आणि त्याच्या खालून जाणाऱ्या काचेचे प्रमाण तो वर-खाली करून ठरवतात. इथेही दरवाजा पूर्ण मिटवून काम चालत नाही. तो फक्त फट राखतो.

दरवाजा उघडला की काच जाड होते, असा समज मात्र पुरता खरा नाही. मोकळी सोडलेली काच कथिलावर सहा-सात मिलिमीटर जाडीवर आपोआप थांबते. त्याहून पातळ हवी असेल तर पुढच्या रुळांचा वेग वाढवून पट्टी ओढतात आणि कडा दातेरी चाकांनी धरून ठेवतात. ट्वीलने दिवसाचे टन ठरतात, जाडी ओढण्याच्या वेगाने ठरते.

प्रश्न (कराड) : प्रवाह थांबवायचाच झाला तर काय करतात?

उत्तर : एखादा सेक्शन बंद असला तरी फीडर चालूच ठेवतात. नको असलेला गॉब वाटेतच वळवून खालच्या पाण्याच्या कुंडात सोडतात आणि ती फुटलेली काच, म्हणजे कलेट, पुन्हा भट्टीत जाते. फीडर खरोखर थांबवायचा असेल तर ट्यूब स्पाउटच्या तळावर टेकवतात. भट्टीला कुठे गळती लागली, तर तिथे बाहेरून पाणी किंवा जोराची हवा मारून काच थिजवतात. थिजलेली काचच ते भोक बुजवते आणि भट्टी चालू राहते.