घोड्याला कळतं म्हणून घाबरायचंच नाही का?

"मॅम, घोड्याला आपली भीती कळते ना, मग घाबरायचंच नाही असं स्वतःला बजावत मी रात्रभर जागी असते."

पुण्यातली पंधरा वर्षांची मुलगी, शो जंपिंग करते, म्हणजे घोड्यावर बसून ओळीने अडथळे (जंप) ओलांडायचे. सराव एकदम छान, पण स्पर्धेच्या दिवशी सकाळी उलट्या, हात गार, आणि मागच्या दोन्ही वेळेस घोडा तिसऱ्या जंपसमोर अडला. सोबत बाबा होते, ते सारखे म्हणत होते, अगं एवढी तयारी झालीय, घाबरायचं काय त्यात.

रायडिंगवाली मुलं हा प्रश्न हमखास घेऊन येतात, म्हणून लिहितेय.

घोड्याला कळतं हे खरंच आहे. स्वीडनमधला एक प्रयोग 2009 साली छापून आला होता, त्यात रायडरला सांगितलं की आता समोर छत्री उघडणार, प्रत्यक्षात उघडलीच नाही, पण नुसत्या विचाराने माणसाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही. हे मी तिच्यापासून लपवलं नाही. फक्त म्हटलं, बाळा, त्याला तुझं मन वाचता येत नाही गं, त्याला तुझ्या मांड्या, लगाम, श्वास एवढंच कळतं, आणि तेवढ्यावर आपल्याला काम करता येतं.

मग तिला खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावले, सुरुवातीच्या बेलपासून अख्खा राउंड, म्हणजे सगळे जंप, कर म्हटलं, मनातल्या मनात. मी "बेल" म्हणाले मात्र, खांदे कानाला टेकले, मुठी आवळल्या आणि श्वास बंद, तो पार तिसऱ्या जंपपर्यंत बंदच! म्हणे बेल झाली की मी लगेच सुटते. अगं, बेलनंतर स्टार्ट लाइन ओलांडायला 45 सेकंद असतात, नियम तिला पाठ होता पण तो वेळ आपला आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

मग रोज घरी हेच, मोबाईलवर बेल, दोनदा लांब श्वास सोडायचा, मगच निघायचं, आणि घोड्यावर असताना दोन जंपच्या मधल्या टापा मोठ्याने मोजायच्या, कारण बोलताना श्वास कोंडून धरता येत नाही. कोचशीही बोलले, त्यांनी काही आठवडे जंपची उंची 70 सेंटिमीटरवर आणली. खोगीर आणि घोड्याची पाठसुद्धा तपासून घ्या म्हटलं, कारण घोडा दरवेळी रायडरच्या भीतीनेच अडतो असं नाही, बिचाऱ्याला दुखत असलं तरी अडतो, आणि दोष पोरीच्या माथी. बाबांना एकच सांगितलं, "घाबरू नकोस" हे वाक्य बंद, त्याऐवजी केळं आणि पाण्याची बाटली द्या.

पुढच्या स्पर्धेत जंपचा एक पोल (आडवा दांडा) पडला, 4 फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. पण तिसरा जंप झाला. सकाळी उलटी झालीच होती, ते बाबांना सांगू नका म्हणाली, मी म्हटलं तूच सांग की. परत जाताना गाडीत तिनंच सांगितलं.