थायरॉइडची गाठ आणि रक्तातलं सेलेनियम, कॉपर, झिंक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या वहिनीच्या (वय ४१) गळ्यात गाठ आहे, सोनोग्राफीत १.८ सेंटीमीटर आणि टायरॅड्स ४ (गाठ किती संशयास्पद दिसते त्याची १ ते ५ श्रेणी) असं लिहिलंय. टीएसएच (थायरॉइडचं काम बघायची रक्त तपासणी) नॉर्मल आलं. डॉक्टर सुईची तपासणी करा म्हणतात, पण घरात सगळे घाबरलेत की सुई टोचली तर गाठ पसरेल. एका लॅबच्या पॅकेजमध्ये सेलेनियम, कॉपर, झिंक वगैरेची रक्त तपासणी आहे, आणि नातेवाईकांनी पाठवलेल्या मेसेजमध्ये लिहिलंय की सेलेनियम कमी आणि कॉपर जास्त असेल तर थायरॉइड कॅन्सर असतो. मग आधी ती करावी का? — एक वाचक, अकोला

आधी सुईची तपासणी करा, आणि लवकर करा. या पॅकेजसाठी थांबू नका.

आता तो मेसेज. तो हवेतून आलेला नाही, त्यामागे खरं संशोधन आहे. थायरॉइड ही सेलेनियमची ग्रंथी म्हणावी इतकं सेलेनियम तिच्यात असतं, वजनाच्या मानाने शरीरात सगळ्यात जास्त. हार्मोन बनवताना ग्रंथीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्यापासून पेशींना वाचवणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम लागतं, आणि टी४ हार्मोनचं टी३ हार्मोन करणाऱ्या एन्झाइमलाही. त्यामुळे कॅन्सरच्या पेशंटमध्ये हे कमी असतं का ते बरेच जण बघत आले. २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून बघितली तेव्हा पेशंटच्या रक्तात सरासरी सेलेनियम आणि मॅग्नेशियम कमी, कॉपर जास्त असंच निघालं. नॉर्वेत तर त्याहून जास्त विचार करायला लावणारं काम झालंय, तिथे जॅनस नावाच्या बँकेत लोकांचं रक्त आजाराच्या आधीपासून गोठवून ठेवलेलं होतं, त्यातल्या पुढे थायरॉइड कॅन्सर झालेल्या ४३ जणांचे नमुने काढून बघितले तर निदानाच्या आधीच्या काही वर्षांत त्यांचं सेलेनियम इतरांपेक्षा कमी होतं. हे १९८९ मध्ये छापून आलं.

पण हे सगळं सरासरीचं बोलणं आहे. पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच असतात, तरी नुसतं "उंची पाच फूट पाच इंच" सांगितलं तर ती व्यक्ती बाई की पुरुष कुणालाच सांगता येणार नाही. तसंच वहिनींचा एक आकडा हातात धरून गाठ कसली आहे ते कळत नाही, कारण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात.

हिशोब करूनच बघा. समजा गाठ असलेल्या १०० बायका आहेत आणि त्यातल्या १० जणींना कॅन्सर आहे (गाठींमध्ये कॅन्सरचं प्रमाण साधारण शंभरात ५ ते १५ धरतात). रक्ताची तपासणी ८० टक्के बरोबर आहे असं मानू, हे मी उदार होऊन धरतेय. दहातल्या ८ सापडतील, २ सुटतील, आणि ज्या ९० जणींना काहीच नाही त्यातल्या १८ जणींना "कॅन्सर असू शकतो" असा रिपोर्ट मिळेल. म्हणजे २६ घरांमध्ये रडारड, त्यात खरं ८ घरांचं. आणि त्या सुटलेल्या दोघींना "सगळं नॉर्मल" म्हणून घरी पाठवलं जाईल, मला तर याचीच जास्त काळजी वाटते.

शिवाय हे आकडे इतर पन्नास कारणांनी हलतात. रक्तातलं बहुतेक कॉपर सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रोटीनला चिकटलेलं असतं आणि ते प्रोटीन ताप, इन्फेक्शन, सूज, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या यातल्या कशानेही वाढतं. वहिनी गोळ्या घेत असतील तर कॉपर जास्त येणारच, गाठ असो नसो. झिंक सूज आली की खाली जातं, जेवणानंतरही जातं. रक्त कसं काढलं हेही आलंच, या तपासणीला गडद निळ्या टोपणाची खास ट्यूब लागते, साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून झिंक रक्तात उतरू शकतं, आणि काढताना लाल पेशी फुटल्या तर पेशीतलं झिंक बाहेर येऊन आकडा उगाच चढतो. पॅकेजवाल्याला विचारा कुठली ट्यूब वापरता, बरेचदा उत्तर मिळत नाही.

टीएसएच नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका हेही सांगते, थायरॉइड कॅन्सरच्या बहुतेक पेशंटचं टीएसएच नॉर्मलच असतं. टायरॅड्स ४ ची गाठ दीड सेंटीमीटर किंवा मोठी असेल तर सुईची तपासणी करावी असा अमेरिकेतल्या रेडिओलॉजी डॉक्टरांच्या संस्थेचा नियम आहे, तुमच्या डॉक्टरांनी तेच सांगितलंय.

आणि सुईची भीती. एफएनएसीची, म्हणजे या तपासणीची, सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा त्याहून बारीक असते. मान थोडी मागे करून झोपवतात, सोनोग्राफीत गाठ बघत सुई आत घालतात, दोनचार वेळा पुढेमागे करून पेशी ओढून घेतात आणि काचपट्टीवर पसरवतात, काही मिनिटांचं काम, तेवढा वेळ फक्त गिळू नका सांगतात. तपासणीच्या सुईने थायरॉइड कॅन्सर पसरणं ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे, तिच्या भीतीने तपासणी टाळण्यासारखं काही नाही. रिपोर्टवर बेथेस्डा १ ते ६ असा आकडा येईल. २ म्हणजे साधी गाठ, ६ म्हणजे कॅन्सर, १ म्हणजे पुरेशा पेशी आल्या नाहीत, बहुधा परत करावी लागते. ३ किंवा ४ आला तर गोंधळून जाऊ नका, ते मधलं खातं आहे, तिथे परत सुई किंवा जीन तपासणी किंवा ऑपरेशन यातलं काय ते डॉक्टर गाठ बघून ठरवतात. दरम्यान आवाज बसला, गिळताना अडकायला लागलं, मानेत बाजूला दुसऱ्या गाठी लागल्या किंवा गाठ भराभर वाढली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

प्रश्न: आम्ही शेगाव भागातले. २०२४ च्या शेवटी आमच्याकडे गावंच्या गावं केस गळून टक्कल पडायला लागली, तेव्हा सेलेनियम जास्त झालं असं सांगितलं. आता वाचतोय की सेलेनियम कमी असेल तर थायरॉइड कॅन्सर. मग आम्हाला हे चांगलं झालं म्हणायचं का वाईट? — एक वाचक, बुलढाणा जिल्हा

चांगलं अजिबात नाही. त्या वेळी गावकऱ्यांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं सापडलं आणि महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं, हे तुम्हाला माहितीच आहे. सेलेनियमचं असं आहे की पुरेसं आणि जास्त यातलं अंतर फार थोडं. रोजची गरज ४०-५५ मायक्रोग्राम, आणि वरची मर्यादा अमेरिकेत ४०० धरतात, युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. जास्त झालं की केस जातात, नखं ठिसूळ होतात, गळून पडतात, तोंडाला लसणासारखा वास येतो.

आणि "कमी असेल तर धोका" याचा अर्थ "जास्त घेतलं तर संरक्षण" असा होत नाही, ही गल्लत अभ्यासकांनीही करून बघितलीय. अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सर टळेल या आशेने ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर सिलेक्ट नावाची मोठी चाचणी केली, त्यात काहींना रोज २०० मायक्रोग्राम सेलेनियम दिलं, २००८ मध्ये ती थांबवावी लागली कारण फायदा काही दिसेना. तेव्हा कुणी "थायरॉइडसाठी" म्हणून सेलेनियमच्या गोळ्या किंवा ब्राझील नट विकत असेल तर तुमच्या भागात तरी घेऊच नका, त्या नटच्या चारपाच दाण्यांतच रोजची मर्यादा गाठली जाऊ शकते. केस अजून गळत असतील तर टीएसएच आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, दर वेळी सेलेनियमच असेल असं नाही.

धातूंचा आणि या कॅन्सरचा संबंध शोधायचा तर तो गोळ्यांपेक्षा जमिनीत-पाण्यात शोधायला हवा असं माझं मत आहे. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या पायथ्याच्या कॅटानिया भागात बायकांमध्ये थायरॉइड कॅन्सर बाकी सिसिलीच्या दुपटीहून जास्त नोंदवला गेला, आणि तिथल्या पाण्यात-हवेत काही धातू जास्त आहेत. कारण कुठला धातू हे अजून पक्कं सिद्ध नाही, पण शोध अशाच ठिकाणी पुढे जाईल.

प्रश्न: पॅपिलरी कॅन्सरसाठी माझी पूर्ण थायरॉइड काढली. पुढच्या महिन्यात आयोडीनचा (किरणोत्सर्गी आयोडीनचा) डोस आहे. आता दर वेळी रक्तात कुठली तपासणी करायची, आणि आयोडीन कमी खा म्हणजे नेमकं काय? — एक वाचक, पनवेल

ग्रंथी काढल्यावर मात्र रक्ताची खूण खरंच उपयोगी पडते, तिचं नाव थायरोग्लोब्युलिन. हे प्रोटीन फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात, त्यामुळे ग्रंथी गेल्यावर ते वाढत गेलं तर कुठेतरी पेशी उरल्यात किंवा परत आल्यात असा संशय येतो. त्याबरोबर अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटीबॉडी करायलाच हवी, ती असेल तर थायरोग्लोब्युलिन खोटं कमी येतं. दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, आणि टीएसएच असतंच. सेलेनियम-कॉपरची गरज नाही. (मेड्युलरी प्रकार असता तर कॅल्सिटोनिन आणि सीईए बघतात, तुमचा तो नाही.)

आयोडीनचं पथ्य साधारण एक ते दोन आठवडे असतं, नेमके दिवस तुमचं सेंटर सांगेल. उरलेल्या पेशी आयोडीनला भुकेल्या राहिल्या तर डोस जास्त ओढून घेतात म्हणून हे. घरात आयोडीन नसलेलं मीठ आणा, पाकिटावर वाचून. सैंधवावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, त्यातही कधी आयोडीन घातलेलं असतं. समुद्राचे मासे, कोळंबी, सुके बोंबील, दूध-दही-पनीर, अंड्याचा पिवळा बलक बंद. फरसाण, ब्रेड, विकतचे पापड-लोणचं, हॉटेलचं जेवण यात साधं आयोडीनयुक्त मीठ असतं, तेही बंद, आणि घरचं जुनं लोणचंही त्याच मिठाचं असेल ते विसरू नका. चालतं काय तर भात, ताजी पोळी-भाकरी, डाळ, भाज्या, फळं, सगळं त्या वेगळ्या मिठात. अलीकडे सीटी स्कॅन करताना शिरेतून औषध दिलं असेल तर डोसच्या आधी आवर्जून सांगा, त्या औषधात भरपूर आयोडीन असतं आणि त्यासाठी तारीख पुढे ढकलावी लागू शकते. डोस झाल्यावर नेहमीचं मीठ कधी सुरू करायचं तेही त्याच दिवशी विचारून लिहून घ्या.