टॅग कापला तरी टोचतं

पहिल्या भेटीच्या फॉर्मवर ‘कशासाठी आलात’ या ओळीपुढे तिने ‘चिडचिड’ एवढंच लिहिलं होतं. वय २६, राहायला भांडुपला, नोकरी लोअर परळला. पाऊण तास ती आईबद्दल बोलली, बॉसबद्दल बोलली. वेळ संपत आली तेव्हा पर्सची चेन लावता लावता म्हणाली, “मॅडम, मला ब्रा सहनच होत नाही. यासाठी कुणी समुपदेशकाकडे येतं का हो?”

येतात की. फक्त बहुतेकजणी हे वाक्य दाराशी उभ्या राहून बोलतात. म्हणून मी हल्ली शेवटची दहा मिनिटं मोकळीच ठेवते.

तिला इथे मृण्मयी म्हणू. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचं गाऱ्हाणं साधं होतं आणि रोजचं होतं. सकाळी घातलेली ब्रा दुपारी दोनपर्यंत कशीबशी चालायची. त्यानंतर डोक्यात दुसरं काही शिरायचं नाही. चार वाजता ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन ती काढायची, डब्याच्या पिशवीत कोंबायची आणि उरलेला दिवस ओढणी सावरत बसायची. मीटिंगमध्ये उभं राहून बोलायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला पुढे करायची. रविवारी घराबाहेर पडणं बंद. मामेबहिणीच्या हळदीला येणार नाही म्हणाली त्यावरून घरात भडका उडाला. आईचं म्हणणं, “जगातल्या सगळ्या बायका घालतात, तुलाच काय टोचतं? सासरी गेल्यावर काय करशील?” आणि मृण्मयीचा मला प्रश्न, “माझ्यातच काही बिघडलंय का?”

पुढच्या दोन भेटी मी वाया घालवल्या. आमच्या शिक्षणाचा हा एक दोष आहे, शरीराची तक्रार ऐकली की आम्ही तिच्यामागे मन शोधायला निघतो. वयात येताना कुणी चिडवलं होतं का, गर्दीत कुणाचा वाईट अनुभव, स्वतःच्या शरीराबद्दल लाज वाटते का, सगळं विचारून झालं. हे प्रश्न विचारायला हवेतच, काहीजणींच्या बाबतीत गाठ तिथेच असते. पण मृण्मयी शांतपणे नाही, नाही म्हणत राहिली आणि मी मात्र ‘हळूहळू खुलेल’ असं वहीत लिहीत राहिले.

चौथ्या भेटीत तिने कागदी पिशवीतून एक ब्रा काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. “मॅडम, आता तुम्हीच बघा.”

पाठीच्या पट्ट्याच्या आत टॅग होता, म्हणजे कधीतरी होता. तिने तो कात्रीने कापला होता आणि शिलाईत अडकलेली दोन-तीन मिलिमीटरची कड तेवढी उरली होती. मी ती मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवली. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. चार-पाच वेळा फिरवल्यावर तिथे लाल रेघ उठली. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक टाचणीसारखं ताठ होतं. टॅग होता तोवर निदान मऊ होता, कापल्यावर त्याचा खुंट झाला होता. मला ते पाच सेकंदांत नकोसं झालं. ती ते रोज तासन्‌तास अंगावर वागवत होती.

मग आम्ही वेगळ्या वाटेने निघालो. मी तिला पंधरा दिवस तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या. नक्की कुठे टोचतं, घातल्यापासून किती वेळाने, आणि पाळी यायला किती दिवस आहेत. ‘सहन होत नाही’ या एका वाक्यात चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या निघाल्या. टॅगचा खुंट पहिल्या मिनिटापासून. काखेखालची इलॅस्टिकची कड साधारण वीस मिनिटांनी, म्हणजे गाडी घाटकोपरच्या पुढे जाईस्तोवर. लेसचं कापड घाम आल्यावर, मुंबईत याचा अर्थ जवळजवळ रोजच. आणि पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस काहीही. त्या दिवसांत स्तन जड होतात, दुखरे होतात, कधी आकारही वाढतो. एरवी नीट बसणारी ब्रा तेव्हा काचते. हे खूपजणींना होतं.

स्तनाखाली लाल चट्टेही होते, म्हणून आधी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. घामाने ओलसर राहून झालेला बुरशीचा संसर्ग होता, मलमाने गेला. आणि हे मी सगळ्यांना सांगते. गाठ लागत असेल, एकाच बाजूला दुखत असेल, बोंडातून स्राव येत असेल किंवा कातडी आत ओढल्यासारखी दिसत असेल, तर ब्रा बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता मापाची गोष्ट. मृण्मयी सोळाव्या वर्षापासून ३४ बी घालत होती. का? तर तेव्हा मावशीबरोबर दुकानात गेली होती, काउंटरमागच्या काकांनी तिच्याकडे एक नजर टाकली आणि ‘चौतीस’ म्हणून खोका काढला. दहा वर्षं तो आकडा तिने जन्मतारखेसारखा सांभाळला. आपल्याकडे ही खरेदी होते तरी कशी? ‘साईज बोला’, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं, ट्रायल नाही, परत घेणार नाही. २०१३ साली मुंबई महापालिकेत दुकानांबाहेरच्या अंतर्वस्त्रं घातलेल्या पुतळ्यांवर बंदी आणावी असा ठराव आला होता. पुतळ्यांची एवढी काळजी, पण घालून बघायला एक आडोसा द्यावा यावर ठराव आल्याचं माझ्या कानावर नाही.

घरी टेप घेऊन तिने मोजलं. छातीखाली, बरगड्यांवर टेप घट्ट धरून ३० इंच. छातीच्या सर्वांत भरल्या जागी, टेप न आवळता, ३४. दोन्हींतला फरक चार इंच. एक इंच फरक म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी. म्हणजे ती ३० डी. ऐकून ती हादरलीच, “डी म्हणजे खूप मोठं ना?” नाही. अक्षर एकटं काहीच सांगत नाही, ते पट्ट्याच्या आकड्याबरोबर वाचायचं. ३० डी, ३२ सी आणि ३४ बी यांची वाटी जवळपास सारखीच भरते, पट्टा मात्र वेगळा. तेव्हा तिची वाटी इतकी वर्षं बरोबर होती आणि पट्टा सैल. काही कंपन्यांचे तक्ते अजूनही छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवायला सांगतात, त्यातूनही असा घोळ होतो.

पट्टा सैल असला तर उलट बरं वाटायला हवं, नाही का? इथेच मला स्वतःला नवीन काही कळलं. ब्राचा मुख्य आधार पाठीचा पट्टा देतो, खांद्यावरचे बंद फार थोडा. पट्टा सैल असला की तो पाठीवर वर चढतो, मग आपण बंद आवळतो, खांद्याला वळ पडतात आणि अख्खं प्रकरण दिवसभर अंगावर इकडून तिकडे सरकत राहतं. ज्यांची त्वचा स्पर्शाला जास्त जागी असते त्यांना स्थिर दाबापेक्षा हा हलका, सरकता स्पर्श अधिक छळतो. आपल्यापैकी बहुतेकांना कपडा घातल्यावर थोड्या वेळाने तो अंगावर आहे हेच विसरायला होतं, मेंदू ती खबर बाजूला टाकतो. काहींचा मेंदू टाकत नाही. मृण्मयी लहानपणी मोजे उलटे घालायची, कारण आतली शिवण बोटांना लागायची. लोकरीचा स्वेटर, काठपदराची साडी, गणवेशाची कॉलर, सगळ्यांशी तिचं भांडण. घरात तिचं नाव ‘नाजूक नार’.

मोबाईलवर काहीबाही बघून तिने विचारलंच, “मग मला ऑटिझम आहे का?” स्वमग्नतेत आणि एडीएचडीमध्ये (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) अशी स्पर्शाची तक्रार जास्त आढळते हे खरं, पण नुसत्या या एका गोष्टीवरून काही ठरत नाही. तिला एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजच्या कामांतल्या आणि संवेदनांच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी निदानाचा शिक्का मारला नाही, पण स्पर्शाची संवेदनशीलता खरी आहे हे स्पष्ट सांगितलं. बाहेर येऊन तिने आधी आईला फोन लावला.

मापाची ब्रा घातली आहे का हे बघायची माझी एक मुंबईकर युक्ती आहे. लोकलमधली कडी धरल्यासारखे दोन्ही हात वर करा. पट्टा हातांबरोबर वर आला तर तो सैल. नवीन ब्रा सगळ्यांत बाहेरच्या हुकावर नीट बसायला हवी. इलॅस्टिक ढिलं पडेल तसं आत यायचं, त्यासाठीच हुकांच्या ओळी असतात. पहिल्यापासून आतल्या हुकावर घालावी लागत असेल तर माप चुकलं.

तिला ३० कुठे मिळालं नाही. ३२ सी घेतली. पहिले दोन दिवस तिला ती आवळल्यासारखी वाटली, म्हणून मागे हुकांची जोडपट्टी लावली आणि आठवड्याने काढून टाकली. साध्या होजिअरी सुताची, पॅड नाही, तार नाही, काखेकडे रुंद. टॅग या वेळी कापायचा नाही, टाके एकेक करून उसवायचे. तरीही वाटीची मधली शिवण लागत होती, तेव्हा तिनेच तोडगा काढला. मोज्यांची जुनी विद्या! ब्रा उलटी घालायची. बिनपॅडची असेल तर चालतं, शिवणी बाहेर जातात, आत गुळगुळीत. हुक लावताना आरशासमोर पाच मिनिटं जातात एवढंच.

पाळीच्या आधीच्या दिवसांसाठी बिनहुकाची मऊ ब्रालेट, एक माप मोठी, आणि तिच्याखाली पातळ सुती शमीज. घरी काही नाही. एक मात्र सांगते, पसंत पडली म्हणून एकदम सहा घेऊ नका. एक घ्या, दोनदा धुवा, घाम येईल अशा दिवशी आठ तास घाला, मग बोला.

“आणि नाहीच घातली तर?” हेही तिने विचारलं. तब्येतीच्या दृष्टीने काही बिघडत नाही. ब्रा न घातल्याने स्तन ओघळतात याला भक्कम पुरावा नाही. वय, गरोदरपणं, वजन, धूम्रपान यांचा वाटा त्यात दिसतो. दुसऱ्या बाजूची अफवा, ब्रामुळे कॅन्सर होतो ही, २०१४ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी तपासली, तसा काही संबंध त्यांना आढळला नाही. राहता राहिले लोक. २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांच्या पोळ्या लाटतानाच्या व्हिडिओवर लोकांनी पोळ्या सोडून काय बघितलं आणि त्यांनी त्यावर किती स्वच्छ लिहिलं, ते आठवत असेल. मृण्मयीला मी म्हटलं, भांडुपच्या गाडीत रोज उठून हा लढा लढायचा की नाही हे तू ठरव. ती म्हणाली, “मला लढायचं नाहीये. मला पाच वाजेपर्यंत काम करायचंय.”

एका भेटीला आई आल्या. हातातली पिशवी मांडीवर घट्ट. “अहो मॅडम, आम्हाला काय टोचत नव्हतं? टोचायचंच. कुणी विचारलं?” मी विचारलं, तुमच्या आजी काय घालायच्या? त्यांना हसू आलं. “खणाची चोळी, पुढे गाठ. ती कसली ब्रा घालतेय!” मग जरा वेळाने, “रात्री गाठ सोडायची तेव्हा हुश्श म्हणायची, ते आठवतं.” मी त्यांना तो टॅगचा खुंट मनगटावर फिरवून बघायला दिला. त्यांनी तीन वेळा फिरवला आणि काही न बोलता लेकीच्या हातात परत दिला. सगळं काही मिटलं असं नाही. सासरचा विषय त्या जाता जाता पुन्हा काढून गेल्याच.

हळदीला मृण्मयी गेली. तो प्रश्न सोडवला गल्लीत शिवणकाम करणाऱ्या काकूंनी. कटोरी ब्लाउज, आत मलमलचं अस्तर, शिवणी अस्तर आणि कापड यांच्या मध्ये दाबलेल्या, कप आतूनच शिवलेले. म्हणजे ब्रा घालायचीच नाही. काकूंचा एकच सवाल होता, “मग आधी नाही सांगायचं?”

एक गोष्ट अजून अडते. सुती असल्या म्हणजे मुंबईच्या पावसात त्या वाळत नाहीत, आणि ओलसर घातल्या की ते चट्टे पुन्हा उठतात. पिळायच्या नाहीत, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायच्या आणि पंख्याखाली टाकायच्या. तरी दोन दिवस लागतात. जुलैत तिचा मेसेज आला. दोरीवरच्या तीन ब्रांचा फोटो, खाली लिहिलेलं, “तिन्ही ओल्या. आज नुसती शमीज आणि जाड कुर्ता घालून चाललेय. आईने बघितलं. म्हणाली, छत्री घे.”