‘घराण्याचा बाप्तिस्मा’ : घराणं म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न असा आला आहे : नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, १६व्या अध्यायात, लुदिया नावाच्या बाईचा ‘व तिच्या घराण्याचा’ बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) झाला असं मराठी बायबल म्हणतं. घराणं म्हणजे तर वंश. मग इथे ‘परिवार’ जास्त बरोबर नाही का? आणि या घराण्यात तान्ही मुलंही धरायची का?

‘घराणं’ खटकतं, मान्य. आज तो शब्द ऐकला की पिढ्या, खानदान नाहीतर गायकी डोळ्यांपुढे येते. पण ‘परिवार’ ज्या अर्थाने तुम्ही सुचवताय, तो अर्थ मला त्याहून जास्त खटकतो. आईवडील आणि दोन मुलं म्हणजे परिवार, हा समज आता इतका पक्का झालाय की लग्नपत्रिकेतल्या ‘सहकुटुंब सहपरिवार’मधला एक शब्द ‘द्विरुक्ती’ म्हणून खुशाल उडवतात. ती द्विरुक्ती नव्हेच! परि म्हणजे भोवताली, आणि पुढे वेढणे या अर्थाचा ‘वृ’ धातू. जे भोवती असतात तो परिवार : सेवक, आश्रित, लवाजमा. संस्कृत नाटकात राजा ‘सपरिवार’ प्रवेश करतो तेव्हा बरोबर राणी आणि राजपुत्र असतातच असं नाही, सेवक मात्र असतात. देवळात मुख्य मूर्तीच्या आजूबाजूच्या ‘परिवारदेवता’ त्या देवाची मुलंबाळंच असतात असं नाही. कुटुंब वेगळं, परिवार वेगळा. म्हणूनच पत्रिकेत दोन्ही लिहायची रीत पडली.

आता मूळ ग्रीक शब्द. तो आहे ‘ओइकोस’, आणि खरी मौज इथे आहे. या शब्दाच्या तोंडी पूर्वी ‘व’ होता, वोइकोस. ग्रीकमधून तो ‘व’ पुढे गळून पडला, पण ‘लिनिअर बी’ या प्राचीन ग्रीक लिपीतल्या फार जुन्या मातीच्या पाट्यांवर तो अजून दिसतो. संस्कृतात हाच शब्द ‘वेश’ होतो, अर्थ घर, राहण्याची जागा. हे नुसतं ध्वनिसाम्य नाही, नियमाने बसतं. ग्रीक ‘ओइदा’ (मला माहीत आहे) म्हणजे संस्कृत ‘वेद’ : तोच गळालेला ‘व’, तोच ‘ओइ’चा ‘ए’. ग्रीक ‘देका’ म्हणजे ‘दश’ : तोच ‘क’चा ‘श’. हे दोन नियम एकापुढे एक ठेवले की ‘ओइकोस’चा ‘वेश’च होतो, दुसरं काही होऊ शकत नाही. लॅटिनमधला ‘वीकुस’ (वस्ती, आळी) याच कुळातला. आपल्याकडे धातू ‘विश्’, आत शिरणे. त्यावरून वैदिक ‘विश्’ म्हणजे वस्ती करून राहिलेले लोक, ‘वेश्म’ म्हणजे घर, आणि आपली गावाची वेस. वेशीवर, वेशीबाहेर म्हणताना ‘श’ तोंडात येतो, पण तो जुना ‘श’ नव्हे, ‘पैसा’चं ‘पैशाचा’ करणारी मराठीची नेहमीची सवय.

लुदियेची गोष्टही वेशीबाहेरच घडते. फिलिप्पै ही मासेदोनियातली रोमन वसाहत. शब्बाथ दिवशी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, ख्रिस्ताचा प्रेषित पौल आणि त्याचे सोबती वेशीबाहेर नदीकाठी जातात, तिथे प्रार्थनेला जमलेल्या बायकांशी बोलतात. त्यांत थुवतीरा गावची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया असते. तिच्या नवऱ्याचा कुठेही उल्लेख नाही. घर तिच्या नावाने ओळखलं जातं, आणि बाप्तिस्म्यानंतर ‘माझ्या घरी येऊन राहा’ असा आग्रह तीच करते. अशा व्यापारी बाईच्या ‘ओइकोस’मध्ये नोकर, दास-दासी, धंद्यात मदत करणारी माणसं येतात. तिला मुलं होती का, हे लेखक सांगत नाही. त्यामुळे ‘वंश’ इथे पहिल्या पायरीलाच अडखळतो. लॅटिन ‘फामिलिया’ हा शब्दसुद्धा ‘फामुलुस’वरून, म्हणजे घरच्या दासावरूनच, आलेला आहे.

त्याच अध्यायात तुरुंगाचा अधिकारी येतो. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून त्याच्या ताब्यात दिलेलं असतं. मध्यरात्री भूकंप होतो, दारं उघडतात, कैदी पळाले असं समजून तो तलवार उपसतो, पौल त्याला थांबवतो. मग तो पौल आणि सीला यांच्या जखमा धुतो आणि त्याच रात्री त्याचा व त्याच्या सर्व माणसांचा बाप्तिस्मा होतो. पुढच्या ओळीत तो ‘पानोइकेइ’, म्हणजे सगळ्या घरासह, आनंदित झाला असं म्हटलंय. सबंध नव्या करारात हा शब्द एकदाच येतो. मात्र इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसवरच्या (लव्हाळ्याच्या जुन्या कागदावरच्या) खाजगी पत्रांत तो शेवटच्या ओळीत पुष्कळदा भेटतो : तू घरच्या सगळ्यांसह खुशाल असावंस, अशा अर्थाने. आपल्या पत्रिकेतला ‘सहकुटुंब सहपरिवार’ नेमका तोच. माझा आग्रह आहे की मराठी बायबलाच्या पुढच्या आवृत्तीत या जागी हेच दोन शब्द जोडीने यावेत. बोलीतलं ‘खटलं’ (‘त्यांचं मोठं खटलं आहे’ मधलं) अर्थाला याहूनही जवळचं आहे, पण तुरुंगाच्या गोष्टीत कोर्टाचा खटला मध्ये येईल, म्हणून ते सोडून द्यावं लागतं.

‘ओइकोस’ म्हणजे रक्ताची माणसं आणि ‘ओइकिया’ म्हणजे नोकरचाकर, अशी वाटणी काही टीकाकार करतात. ती साफ चुकीची आहे. करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल स्तेफन नावाच्या माणसाच्या घरच्यांचा बाप्तिस्मा केल्याचं सांगतो तेव्हा ‘ओइकोस’ लिहितो, आणि त्याच पत्राच्या १६व्या अध्यायात त्याच माणसांना ‘ओइकिया’ म्हणतो. त्याच्या लेखी दोन्ही एकच.

तान्ह्या मुलांच्या मुद्द्यावर तर दोन जर्मन विद्वानांची चांगलीच जुंपली होती. योआखिम येरेमिआस यांनी १९५८ साली मांडलं की ‘घर’ म्हटलं की लहान मुलं आलीच. कुर्ट आलांड यांनी १९६१ साली ते खोडून काढलं, आणि १९६२ मध्ये येरेमिआस यांनी उलट उत्तर दिलं. येरेमिआस मला पटत नाहीत. शब्दात एखाद्याला जागा असणं वेगळं, आणि त्या विशिष्ट घरात तो माणूस त्या दिवशी हजर असणं वेगळं. पण आलांडही जुन्या लिखाणाच्या मौनातून फार मोठा निष्कर्ष काढतात. पक्कं इतकंच म्हणता येतं : इ.स. २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई नको म्हणतो, म्हणजे तेव्हा तो होत होता. आणि २५०नंतर थोड्याच वर्षांत त्याच शहराचा बिशप किप्रियन इतर ६६ बिशपांसह कळवतो की जन्मानंतर आठव्या दिवसापर्यंत थांबायचीही गरज नाही.

घरधनी ख्रिस्ती धर्माकडे वळला की दासांसकट सगळं घर आपोआप वळायचं, असं सरसकट सांगितलं जातं, तेही तपासून घ्यावं. पौलाने ज्याला पत्र लिहिलं त्या फिलेमोनच्या घरी तर ख्रिस्ती मंडळीच उपासनेला भरत असे, तरी त्याचा दास अनेसिम ख्रिस्ती झाला तो पुढे, कैदेतल्या पौलाची गाठ पडल्यावर. पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रात नार्किस्स नावाच्या माणसाच्या घरातल्या, पण ‘प्रभूमध्ये असलेल्या’ लोकांनाच सलाम सांगितला आहे. म्हणजे त्याच घरात प्रभूमध्ये नसलेलेही होते. करिंथमधल्या ज्यू सभास्थानाचा प्रमुख क्रिस्प याच्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिलंय की त्याने ‘सगळ्या घरासह’ विश्वास ठेवला. प्रत्येक घराचं वाक्य वेगळं आहे, ते तसंच वेगळं वाचायला हवं.

जाता जाता क्रियापदाचं. ‘घराण्याने बाप्तिस्मा घेतला’ असं सर्रास बोललं जातं, लिहिलंही जातं. लुदियेच्या वाक्यात ग्रीक क्रियापद ‘एबाप्तिस्थे’ आहे : कर्मणी आणि एकवचनी. तिचा झाला, आणि तिच्या घराचाही झाला. ‘घेतला’ म्हटलं की घरातल्या एकेकाने स्वतः ठरवलं असा अर्थ शिरतो, आणि मूळ वाक्य त्याबद्दल काहीच बोलत नाही. तेव्हा ‘घराणं’ ठेवा किंवा जुन्या अर्थाचा ‘परिवार’ घ्या, पण त्यापुढे ‘झाला’च लिहा.