वाचकांचे प्रश्न : नरक्याचे चांगले रोप डीएनएवरून ओळखता येईल का?

प्रश्न : आमच्या मालकीच्या डोंगरकडेच्या रानात नरक्याची चाळीसएक झाडे आहेत. कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन ज्यात जास्त, ती रोपे डीएनए तपासून निवडता येतात असे ऐकले. पाने तपासून घेतली तर कोणती रोपे ठेवायची ते कळेल का?
— एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : नुसत्या पानांवरून कळणार नाही. मार्कर ही डीएनएमधली खूण. ती कॅम्प्टोथेसिनशी जोडलेली आहे की नाही, हे आधी झाडातला कॅम्प्टोथेसिनचा अंश मोजूनच ठरते. त्यासाठी वेगवेगळ्या रानांतले बी आणून, एकाच शेतात, एकाच वयाची निदान दोनशे रोपे वाढवावी लागतात. तुमची चाळीस झाडे कमी तर आहेतच, शिवाय एकाच रानातली झाडे बहुधा एकमेकांची भावंडे असतात. मग घराण्याची खूण दिसते आणि आपण तिला औषधाची खूण समजून बसतो. ती चांदोलीसारख्या दुसऱ्या रानातल्या झाडांना लावली की फसते.

तरी तुमच्या झाडांतली सरस कोणती, हे शोधता येईल. सगळ्या झाडांच्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या, सारख्या उंचीवरून, एकाच दिवशी कापा. एकाची साल आणि दुसऱ्याचे लाकूड असे झाले तर तुलनाच संपली, कारण अंश भागागणिक बदलतो. तुकडे सावलीत वाळवून, दळून एचपीएलसी तपासणीला (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) द्या. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून अर्क मिथेनॉलमध्ये काढतात.

डीएनएसाठी (त्याचा उपयोग पुढे सांगतो) फांदी कापलेल्या त्याच झाडाची दोन-तीन कोवळी पण पूर्ण उघडलेली पाने पुसून कागदी पाकिटात घाला आणि पाकीट पानांच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ठेवा. निळे जेल गुलाबी झाले की बदला. ओली पाने प्लॅस्टिकमध्ये कोंडली की काळी पडतात, डीएनएचे तुकडे होतात. पाकिटावर क्रमांक शिसपेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने पसरते.

सरस झाड सापडले तरी त्याचे बी पेरून भागत नाही. नरक्यात नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात. आई ठाऊक असली तरी पराग कुठल्या झाडाचा आला ते ठाऊक नसते, म्हणून रोपे एकसारखी निघत नाहीत. हुबेहूब तसेच झाड हवे तर त्याची फांदी घेऊन कलमच करा. इथे मार्कर आजही खरा उपयोगी पडतो : रोपवाटिकेतली कलमे खरोखर त्याच झाडाची आहेत का, हे एसएसआर मार्करने (डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या खुणेने) पक्के करता येते.

मुळांमध्ये अंश जास्त असतो म्हणून ती मात्र उकरू नका. त्याच हव्यासापायी सह्याद्रीतला नरक्या ओरबाडला गेला. बुंधा राखून कापला तर त्याला पुन्हा धुमारे फुटतात. कोयना अभयारण्यातून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही आणू नये. आणि या झाडाचा काढा घरी कुणाला देऊ नका. कॅम्प्टोथेसिन विषारी आहे. टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधे त्यात रासायनिक बदल करून बनवतात.