पायाला जुनी गाडी आठवते तेव्हा

प्रश्न : माझं वय 54. तरुणपणी आठ-नऊ वर्षं बुलेट चालवली, उजव्या पायाच्या गिअरची. मग संसार, चारचाकी, आणि दुचाकी सुटली ती सुटलीच. आता रॉयल एनफिल्डचीच क्लासिक 350 घेतली आहे. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, पण दिसायला थेट माझी जुनीच गाडी! दुसऱ्याच दिवशी समोर एकजण अचानक आडवा आला. मी ब्रेक म्हणून डावा पाय दाबला तर गिअर खाली पडला. पुढच्या ब्रेकमुळे निभावलं. घरचे म्हणतात, हे वय नव्हे. तुमचं मत? – एक वाचक

उत्तर : गाडी विकू नका. तुमच्या बाबतीत वयापेक्षा पायाची सवय जास्त महत्त्वाची आहे, आणि सवय बदलता येते.

तुमच्या जुन्या बुलेटला पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली, तेही उजवीकडे. ब्रेक डावीकडे. नव्या गाडीत पहिला खाली, बाकीचे वर, आणि बाजूही उलट. निवांत चालवताना डोकं हे सांभाळून घेतं. घाबरल्यावर मात्र डोक्याच्या आधी पाय धावतो, आणि तो तरुणपणी जे शिकला तेच करतो. टाकी, गोल दिवा, आवाज सगळं ओळखीचं असल्यामुळे त्याला आपण जुन्याच गाडीवर आहोत असं वाटतं. खरं तर आतलं 349 सीसीचं इंजिन 2021 साली या गाडीत आलं. मी येझदी सोडून बऱ्याच वर्षांनी परत दुचाकीवर बसलो, तेव्हा माझा हात रिझर्व्हचा कॉक, म्हणजे राखीव पेट्रोल चालू करायची चावी, शोधायला टाकीखाली जायचा. नव्या गाडीत कॉकच नाही, नुसता दिवा लागतो. हाताचं असं झालं तर काही बिघडत नाही. पायाचं झालं तर बिघडतं, म्हणून तुमच्या पत्राला मी सविस्तर उत्तर देतो आहे.

मोकळं, कोरडं, सपाट मैदान शोधा. ताशी वीस-तीसच्या वेगात सरळ या आणि थांबा. पुढचा ब्रेक आधी हलका घ्या, मग दाब वाढवत न्या. उजवा पाय सोबत. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम तेच चाक करतं. जुन्या ड्रम ब्रेकच्या काळात अनेकांनी पुढच्या ब्रेकची भीतीच घेतली होती. ती तुमच्यात उरली असेल तर इथेच घालवा. मग एकदा मुद्दाम जोरात दाबा. लिव्हर बोटांखाली थरथरेल. ते एबीएसचं काम आहे. घाबरून सोडू नका, दाबून धरा. असं रोज थोडं करा, आणि कुणाला तरी बाजूला उभं करून हात वर करायला सांगा. कधी थांबायचं हे आधी कळता कामा नये, कारण अनपेक्षित क्षणी उजवा पाय खाली जायला लागला की सवय बदलली असं समजायचं. त्याआधी गर्दीत जाऊ नका. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. चुकीच्या पेडलवर पाय शोधत बसायला तेवढी जागा रस्ता देत नाही. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासूनचं अंतर साधारण चौपट होतं.

दुसरी गोष्ट वजन. ही गाडी 195 किलोंची आहे. अशी गाडी बऱ्याचदा उभी असताना किंवा वळवून घेताना आडवी होते. अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर लांब ठेवून आठचा आकडा काढत राहा. चाकाकडे पाहिलंत की तोल गेलाच.

जुनं हेल्मेट घरात असेल तर टाकून द्या. आतला फोम वयानुसार निकामी होतो, बाहेरून कळत नाही.

घरच्यांशी वाद घालू नका. त्यांना मैदानावर घेऊन जा, हात वर करायचं काम त्यांनाच द्या.

प्रश्न : वडिलांची येझदी कित्येक वर्षं झाकून ठेवली आहे. किक मारून पाहू का? – एक वाचक

उत्तर : एवढ्यात नको. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल येण्याची बारीक छिद्रं) साफ करा. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे चार थेंब सोडा आणि किक हातानेच हळू फिरवून इंजिन मोकळं आहे का ते बघा. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील महत्त्वाचे: ते वाळून कडक झाले असतील तर तिथून हवा शिरते, पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापून जाम होतो. सील बदलायचं काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या. टायरच्या बाजूला आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर टायर 2000 च्या आधीचा आहे. नक्षी कितीही शाबूत असली तरी त्यावर रस्त्यावर जायचं नाही.